हवेच्या शाफ्टला ११ मीटरवर वाळू-पाणी लागलं: जागा बदलावी की तिथेच आराखडा बदलावा?

प्रश्न: जामनेर_सिव्हिल

नमस्कार मंडळी. तापीकाठच्या जॅकवेल, पाइल आणि विहिरींची कामं जाणणारी बरीच माणसं इथे आहेत, म्हणून विचारतो. काम खान्देशातलं नाही. वर्धा खोऱ्यातल्या एका भूमिगत कोळसा खाणीचा परतीच्या हवेचा शाफ्ट आहे, म्हणजे खाणीतली वापरलेली हवा वर काढणारी उभी विहीर. खोदाई आणि अस्तर जळगावच्या टीमकडे आहे.

मंजूर आराखडा असा: तयार व्यास ४.५ मी., खोली १४० मी., अस्तर ३०० मिमी काँक्रीट. पंखा ११० घनमीटर प्रति सेकंद, दाब साधारण १००० पास्कल. पंख्याचं घर शाफ्टच्या पश्चिमेला १४ मीटरवर. त्याचा खड्डा खणून झाला आहे, काँक्रीट अजून टाकलेलं नाही.

अहवालातलं बोअर शाफ्टच्या पश्चिमेला ६२ मीटरवर घेतलं होतं. त्यात ३ मीटरपर्यंत काळी माती, ९ पर्यंत पिवळी चिकणमाती आणि मुरूम, ९ ते ३४ ट्रॅप (काळा बेसाल्ट खडक), ३४ ते ४० लॅमेटा (ट्रॅपखालचा गाळखडक), मग कामठी वाळूखडक आणि त्याखाली कोळशाचे बाराकर थर असा क्रम होता.

प्रत्यक्षात ३.५ पर्यंत काळी, ११ पर्यंत पिवळी चिकण, आणि ११ ला सरळ बारीक-मध्यम वाळू पाण्यासकट. सळई ठोकून पाहिली तर १४.६ पर्यंत खडक नाही. बाहेर पाण्याची पातळी ६ मीटरवर. मिनिटाला ९०० लिटर उपसा चालू आहे आणि पाणी गढूळच येतं. रात्री पंप कमी केले तर सकाळी तळ ०.७ मीटर वर आलेला. कॉलर (शाफ्टच्या तोंडाचं काँक्रीटचं गोल कडं) ८ मीटरपर्यंत ओतून झाली आहे, तिचा बाहेरचा व्यास ५.५ मी. कॉलरपासून ६ मीटरवर, पश्चिमेच्या बाजूला, जमिनीत कमानीसारखी भेग दिसू लागली आहे.

समोर तीन पर्याय आले आहेत:
अ) याच जागी ग्राउटिंग (जमिनीत दाबाने पातळ मिश्रण भरणं) किंवा पाइलची (जमिनीत ओतलेल्या काँक्रीटच्या खांबांची) रिंग करून पुढे जाणं.
ब) शाफ्ट पूर्वेला ८५ मीटर सरकवणं. तिथल्या जुन्या विहिरीत १० मीटरवर काळा पाषाण आहे.
क) आहे त्या कॉलरच्या आतून कॅसन (आतून खणत खाली सरकवायची काँक्रीटची पोकळ नळी) उतरवणं. तयार व्यास ४.० मी. राहील.

खर्चाचा विचार करता वरून दबाव 'क'कडे आहे. कशाच्या आधारावर ठरवावं?

उत्तर १: तापीकाठ_सिंकिंग

भाऊ, पर्याय नंतर. आधी उपसा थांबवा, आजच.

तळ ०.७ मीटर वर आला म्हणजे तेवढी वाळू बाहेरून आत आली. बाहेर पाणी ६ वर आणि तुमचा तळ ११ वर, म्हणजे ५ मीटरचा दाब तळातून वर ढकलतो आहे. वाळूत दाबाचा उतार (दाबाची उंची भागिले वाळूतली पाण्याची वाट) साधारण १ झाला की कण तरंगायला लागतात, मग पंप कितीही वाढवा, तळ खाली जात नाही. जाते ती कॉलरमागची जमीन. तुमची भेग तेच सांगते आहे.

पाणी आपोआप भरू देऊ नका, ते भरतानाही वाळू घेऊन येईल. वरून पाणी सोडा. ४.५ मी. व्यासात एक मीटर उंचीला १५.९ घनमीटर पाणी लागतं. ११ वरून ६ वर यायला ८० घनमीटर. तुमच्याच ९०० लिटरच्या पंपाने दीड तासात भरेल. मग बाहेरच्या पातळीच्या वर आणखी अर्धा ते एक मीटर भरा आणि तेवढं कायम ठेवा, म्हणजे पाण्याचा ओघ आतून बाहेर राहतो. पाण्याचा साठा नसेल तर तीन-चार टँकर उभे ठेवा.

पंप बंद करण्याआधी एक मोजमाप घ्या. उपशाच्या पाण्याची १० लिटरची बादली भरा, तासभर निवळू द्या, तळाची वाळू वाळवून वजन करा. लिटरमागे १ ग्रॅम निघाली तर ९०० लिटर उपशात दिवसाला जवळपास १.३ टन वाळू निघते. म्हणजे जमिनीखाली रोज पाऊण-एक घनमीटर पोकळी. ५ ग्रॅम असेल तर साडेसहा टन. पंपाचे तास या आकड्याशी गुणले की कॉलरमागे किती पोकळ झालं याचा अंदाज बांधता येतो. ही पोकळी भरल्याशिवाय वरचं कुठलंही यंत्र कॉलरजवळ आणू नका.

भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून रोज दोनदा अंतर आणि पातळी घ्या. भेगेत पावसाचं पाणी जाऊ देऊ नका. काळी माती आहे, एका पावसात फुगेल आणि पुन्हा आकसेल, मग खुंट्यांचं मोजमाप कशामुळे हललं तेच कळणार नाही. ताडपत्री टाका, बाजूला चर काढा.

कॉलरही बघा. तिच्याखालचा आधार गेला असेल तर ती फक्त चिकणमातीच्या घर्षणावर लटकते आहे. वर आडव्या आय-गर्डरांची चौकट टाकून कॉलर तिला बांधा. चौकटीचे टेकू भेगेच्या पलीकडे हवेत, अलीकडे नकोत.

उत्तर २: भूजल_धुळे

६२ मीटरवरच्या एका बोअरवर शाफ्टची जागा ठरते हीच मोठी गफलत आहे. शाफ्टच्या केंद्रावर पूर्ण खोलीचं कोअर बोअर (थरांचा अखंड नमुना काढणारं) हवंच. यावल-रावेर पट्ट्यात शंभर मीटर अंतरावरच्या दोन बोअरपैकी एकात गोटे आणि दुसऱ्यात निव्वळ चिकण लागते, कारण नदीच्या गाळात वाळूचे थर पट्ट्यांनी असतात, चादरीसारखे नसतात. तुमच्याकडचं लक्षण ट्रॅपमध्ये कोरलेल्या आणि नंतर गाळाने भरलेल्या जुन्या प्रवाहाचं दिसतं. त्यामुळे प्रश्न फक्त वाळूच्या खोलीचा नाही. तिची रुंदी आणि दिशाही कळली पाहिजे.

क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा आसपासच्या एक किलोमीटरमधल्या सगळ्या विहिरी पायी फिरा. प्रत्येकीची पातळी, पाण्याची खोली, बांधकाम कुठपर्यंत आहे आणि खणताना निघालेल्या ढिगावर कोणता दगड पडला आहे ते लिहा. विहीर तळापर्यंत बांधलेली असेल तर तिथे गाळ, अर्ध्यावर बांधकाम थांबलं असेल तर तिथून खडक. याला खर्च शून्य आणि नकाशा निम्मा तयार होतो.

मग भूकंपीय अपवर्तनाच्या दोन-तीन ओळी, प्रवाहाच्या अंदाजे दिशेला आडव्या. पाण्याने भरलेल्या वाळूत लहरींचा वेग सेकंदाला १५०० ते १८०० मीटर, घट्ट ट्रॅपमध्ये ४००० च्या वर. फरक स्पष्ट दिसतो. नुसत्या विद्युत रोधावर इथे विसंबू नका. ओली चिकण, ओली वाळू आणि सडका ट्रॅप यांचे आकडे एकमेकांत मिसळतात.

मग बोअर. केंद्रावर एक (भरलेल्या शाफ्टवर फळी-चौकट टाकून घेता येतं), बाहेरच्या वर्तुळावर चार, आणि पूर्वेच्या जागेवर किमान दोन. विहिरीत १० मीटरवर काळा पाषाण दिसला म्हणजे तो खाली अखंड आहे असं नाही. खाली मांजऱ्या (सच्छिद्र ट्रॅपचा) थर आणि लाल गेरूचा थर येतो, आणि गेरू ओला झाला की सुटतो. तो उघडा पडला की त्याच पाळीत ५० मिमी शॉटक्रीट (फवारायचं काँक्रीट) मारावं लागतं, दुसऱ्या दिवशी नाही.

आणखी एक गोष्ट. अहवालाप्रमाणे ट्रॅप ९ ते ३४ आहे. प्रवाहाने वरचा ट्रॅप खाऊन टाकला असेल तर तुमच्या केंद्रावर तो फार पातळ उरलेला असेल. वर वाळूतलं पाणी, खाली कामठी वाळूखडकातलं पाणी. मधला ट्रॅप हेच त्यांच्यातलं झाकण आहे. शाफ्टच्या अस्तरामागून ही दोन पाणी जोडली गेली तर पुढे खाणीच्या पंपांवर कायमचा भार पडेल, आणि आसपासच्या शेतांतल्या विहिरी उतरतील. शेतकऱ्याच्या पाण्याचा हा प्रश्न आराखड्यात आत्ताच धरा. त्या विहिरींची पातळी आजच नोंदवून ठेवा, संबंधित शेतकऱ्याची सही घेऊन.

उत्तर ३: भुसावळ_व्हेंट

वरच्या जमिनीबद्दल वरच्या दोघांनी सांगितलं. मी हवेच्या बाजूने बोलतो, कारण या चर्चांमध्ये शाफ्टला नुसती विहीर समजलं जातं.

'क' आधी. व्यास ४.५ चा ४.० केला की घर्षणाचा रोध व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतो, म्हणजे १.८ पट. ऐकायला भयंकर वाटतं. हिशेब करून बघा: गुळगुळीत काँक्रीट, १४० मी., ११० घनमीटर. ४.५ मध्ये सुमारे २४ पास्कल, ४.० मध्ये सुमारे ४३. वाढ १९ पास्कल. हजार पास्कलच्या पंख्याला हे किरकोळ आहे. म्हणून दबाव आणणारे म्हणतील, 'काही फरक पडत नाही'.

फरक दुसरीकडे पडतो. ४.५ मध्ये हवेचा वेग ६.९ मीटर प्रति सेकंद. ४.० मध्ये ८.८. वर जाणाऱ्या हवेचा वेग साधारण ७ ते १२ च्या दरम्यान असला की ओल्या शाफ्टमधले पाण्याचे थेंब खालीही पडत नाहीत आणि वरही निघून जात नाहीत. ते शाफ्टमध्येच तरंगत साठतात, हवेचा स्तंभ जड होतो, पंख्यावरचा दाब वाढतो. मग अचानक सगळं पाणी कोसळतं आणि दाब उतरतो. पंखा असा झोके घेऊ लागला की पाती आणि बेअरिंग दोन्ही खराब होतात. वाळूतून पाणी झिरपणारा शाफ्ट ओला असणारच. त्यामुळे 'क' बाद. ४.५ सुद्धा काठावर आहे. पुढे हवा १२० पर्यंत वाढवायची असेल तर वेग ७.५ होतो. म्हणून अस्तरातून येणारं पाणी वॉटर रिंगमध्ये (अस्तराच्या आतल्या गोल पन्हळीत) पकडून पाइपने खाली न्या. रिंग वाळूच्या थराखाली एक आणि कामठीच्या माथ्यावर एक, किमान दोन.

आता 'ब'. ८५ मीटर सरकला की खाली तेवढी गॅलरी (खाणीतला आडवा बोगदा) नवी काढावी लागेल. ४.२ × २.५ मीटरच्या एकाच गॅलरीतून ११० घनमीटर नेले तर वेग १०.५ मीटर प्रति सेकंद आणि दाबाचा तोटा सुमारे १४० पास्कल. पंख्याची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर २४ किलोवॉट, वर्षाला दोन लाखांवर युनिट. दोन समांतर गॅलऱ्या काढल्या तर प्रत्येकीतून ५५ जातील, तोटा ३६ पास्कल, वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास युनिट. म्हणून 'ब' चा खर्च काढताना दोन गॅलऱ्या धरा, एक धरून तुलना केली तर ती खोटी. शिवाय नव्या शाफ्टभोवती संरक्षक खांबाचा (आधारासाठी न काढता ठेवायचा) कोळसा अडकतो, आणि जुन्या अर्धवट खड्ड्याची भराई वेगळीच.

हवा किती लागते ते नियमातच आहे. प्रत्येक विभागाच्या शेवटच्या हवा-जोडापर्यंत (दोन गॅलऱ्या जोडणाऱ्या हवेच्या वाटेपर्यंत) मोठ्या पाळीतल्या माणशी मिनिटाला ६ घनमीटर किंवा रोजच्या टनामागे २.५ घनमीटर, यातलं जास्त असेल ते पोचलं पाहिजे. परतीच्या हवेत मिथेन ०.७५ टक्क्यांच्या वर नको. शाफ्टचं काम लांबलं म्हणून नवा विभाग जुन्या पंख्याच्या ताणलेल्या हवेवर सुरू करण्याचा मोह होईल. तो करू नका. तिथे माणसं काम करणार आहेत.

उत्तर ४: जामनेर_सिव्हिल

पाणी त्याच दिवशी भरलं, पातळी ५.२ वर धरली आहे. भेग थांबली, खुंट्या स्थिर आहेत. बादलीत लिटरमागे २.४ ग्रॅम वाळू निघाली.

तपासणीचे निकाल: केंद्रावर वाळू ११ ते १८.२, गोटे १९ पर्यंत, सडका ट्रॅप २०.५ पर्यंत, मग घट्ट. ट्रॅपचा तळ ३३.८ ला, म्हणजे १३ मीटर झाकण शिल्लक आहे. प्रवाह सुमारे ७० मीटर रुंद, ईशान्य-नैर्ऋत्य. शाफ्ट त्याच्या पूर्व काठाच्या आत पडला आहे. पूर्वेला २२ मीटरवर खडक १२ मीटरवर येतो. वाळूच्या चाळणीत डी-१५ (ज्याहून १५ टक्के कण बारीक असतात ते माप) ०.१४ मिमी, ७५ मायक्रॉनखाली ९ टक्के.

ग्राउटिंगवाले सिमेंट ग्राउट सुचवत आहेत. चालेल का? आणि पाइल रिंग करायची तर मापं कशी धरावीत?

उत्तर ५: चोपडा_पाइल

सिमेंट ग्राउट या वाळूत जाणार नाही. वाळूचा डी-१५ भागिले सिमेंटचा डी-८५ हे गुणोत्तर २४ च्या वर असेल तर ग्राउट नीट शिरतं, ११ च्या खाली शिरतच नाही. साध्या सिमेंटचा डी-८५ ५०-६० मायक्रॉन, गुणोत्तर अडीचच्या आसपास. दाब वाढवला तर ग्राउट वाळू फाडून एका जिभेसारखं कुठेतरी निघून जाईल, बिल मात्र पोत्यांचं येईल. अतिसूक्ष्म सिमेंटचा डी-८५ दहा मायक्रॉन धरला तरी १४, म्हणजे भरवशाचं नाही. सोडियम सिलिकेट जाईल, पण सात मीटर जाडीची पूर्ण रिंग त्याने करण्यापेक्षा ते फक्त सांधे दुरुस्त करायला राखून ठेवा.

खडक २०.५ वर आहे, म्हणजे एकमेकांत घुसणाऱ्या पाइलची रिंग बसते. मापं:

कॉलर बाहेरून ५.५ आहे, म्हणून रिंगचा आतला चेहरा ६.० मी. धरा. ८०० मिमी पाइल, केंद्ररेषेचा व्यास ६.८ मी., ३६ पाइल. त्यातल्या १८ मऊ, १८ सळईच्या. दोन केंद्रांतलं अंतर ५९३ मिमी येतं, एकमेकांतली घुसण २०७ मिमी. तळ २२ मीटरवर, म्हणजे घट्ट ट्रॅपमध्ये दीड मीटर.

हे काम बिघडतं ते उभेपणात. २२ मीटरला १:२०० चूक म्हणजे ११० मिमी. शेजारच्या दोन पाइल विरुद्ध बाजूंना गेल्या तर २२० मिमी, घुसण संपली, तळाशी फट आणि फटीतून पुन्हा वाळू. १:३०० धरलं तर ७३ आणि ७३ मिळून १४६, ६० मिमी शिल्लक राहते. म्हणून निविदेत १:३०० लिहा, आणि ते साधतं फक्त खडकापर्यंत फिरवत नेलेल्या जाड केसिंगने (लोखंडी नळीने). नुसत्या बेंटोनाइटवर (फुगणाऱ्या चिकणमातीच्या स्लरीवर) हे काम देऊ नका. कॉलरमागे आधीच पोकळी आहे, स्लरी तिथे पळून जाईल आणि भोक ढासळेल.

आधी ती पोकळी भरा. कॉलरच्या बाहेर ९ ते १३ मीटर खोलीत आठ भोकं, सिमेंट-बेंटोनाइटचं घट्ट मिश्रण, जवळपास स्वतःच्या वजनाने. तोंडाशी दाब १ किलो प्रति चौरस सेंमीच्या खाली. शेजारच्या भोकातून वर आलं किंवा खुंटी २ मिमी उचलली की थांबायचं. हे पाणी भरलेल्या शाफ्टवरच करायचं.

मग एक मीटर खोल मार्गदर्शक भिंत, नक्षीदार साच्याची. आधी मऊ पाइल, ८ ते १० मेगापास्कल ताकदीच्या, उशिरा घट्ट होणाऱ्या मिश्रणाच्या. दोन ते पाच दिवसांत सळईवाल्या पाइलनी त्या कापायच्या. जास्त थांबलात तर कापताना कटर घसरतो आणि पाइल तिरकी जाते. कटर नेहमी केसिंगच्या मागे, निदान एक मीटर, आणि केसिंगमध्ये पाणी बाहेरच्यापेक्षा उंच. कटर पुढे गेला तर केसिंगमधूनही वाळू उसळते. १८.२ ते १९ मधल्या गोट्यांत केसिंग सरकेल, तिथे घाई न करता बादली-कटर बदलून काढा. प्रत्येक पाइलचा उभेपणा काँक्रीट टाकण्याआधी मोजा आणि कागदावर प्रत्येक मीटरचं वर्तुळ काढा. जिथे घुसण ५० मिमीच्या खाली दिसेल तिथेच बाहेरून सिलिकेट.

वर १.० × ०.८ मीटरचा कॅप बीम (पाइलचे माथे बांधणारी गोल तुळई), कॉलर त्याला डॉवेलनी (जोडसळयांनी) शिवून टाका. पाइल आणि कॉलरमधली २५० मिमी फट पातळ काँक्रीटने भरा. कॉलरखाली अस्तर पाइलला टेकवूनच ओतायचं, तिथे जाडी ७५० मिमी येते. ताकदीसाठी एवढी लागत नाही. १९ मीटरवर पाण्याचा दाब १३० किलोपास्कल आहे, ३०० मिमी अस्तरात त्याने जेमतेम १.१ मेगापास्कल दाब येतो. गोल अस्तर सारख्या दाबाने मोडत नाही, मागे एका बाजूला पोकळ राहिलं की मोडतं. म्हणून भराव पूर्ण हवा.

खोदाई सुरू करण्याआधी चाचणी: आत पाणी एकेक मीटर उतरवा, पंप थांबवा, तासाभरात किती चढतं बघा. तासाला ५० मिमी म्हणजे मिनिटाला १३ लिटर, चालेल. बाहेर चार पिझोमीटर (जमिनीतल्या पाण्याची पातळी मोजायच्या नळ्या) ठेवा. आतलं उतरताना बाहेरचं हललं तर रिंगला भोक आहे, तिथेच थांबा.

उत्तर ६: पारोळा_मायनिंग

एक वेगळा विचार. खालून गॅलरी जवळ आली असेल तर वरून एक छोटं बोअर खालपर्यंत पाडून पाणी आणि मलबा दोन्ही खाली सोडता येतील. वरचा उपसा वाचतो, खोदाई वेगाने होते.

उत्तर ७: भुसावळ_व्हेंट

पारोळाभाऊ, पूर्ण ट्रॅपमध्ये ही युक्ती चांगली आहे. इथे नाही. वाळूतली पाइलची रिंग एका सांध्यातही गळली तर ते भोक वाळू आणि पाणी थेट खाणीत नेईल, धरण फुटल्यासारखं होईल, आणि खाली माणसं असतील. कामठी वाळूखडकही ठिसूळ, त्यातलं उघडं भोक स्वतःच मोठं होत जातं. वरूनच खोदा. ट्रॅपच्या तळाच्या ८ मीटर आधी, म्हणजे २६ च्या सुमाराला थांबून पुढे १५-२० मीटरची चार ते सहा शोधक भोकं घ्या. प्रत्येकावर आधी स्टँडपाइप सिमेंटमध्ये बसवून व्हॉल्व्ह लावा, मगच भोक पुढे न्या. पाणी दाबाने आलं तर व्हॉल्व्ह बंद करून त्याच भोकातून ग्राउट. या खडकाच्या भेगांत साधं सिमेंट जातं, वाळूसारखं अडत नाही.

उत्तर ८: भूजल_धुळे

चोपडाभाऊंच्या रिंगला एक जोड. पाइलचा तळ आणि ट्रॅप यांच्या सांध्यातून पाणी अस्तरामागून खाली उतरेल. २२.५ ते २४ या पट्ट्यात ट्रॅपमध्ये ३०० मिमी खोल खाच कापून तिथे अस्तर खडकात घुसवून ओता, आणि चोवीस तासांनी नाही तर काँक्रीट आकसून झाल्यावर, साधारण चार आठवड्यांनी, मागून ग्राउट करा. वाळूचं पाणी तिथे अडलं पाहिजे.

उत्तर ९: तापीकाठ_सिंकिंग

पंख्याच्या घराबद्दल कोणी बोललं नाही. पश्चिमेचा खड्डा सोडून द्या. भेगही पश्चिमेला आहे आणि तिथे खाली ओली सैल वाळू. पंख्याची थरथर रोज चोवीस तास, वाळू हळूहळू बसत जाईल, पंख्याचा दांडा आणि मोटर यांचं अलाइनमेंट सतत बिघडेल. पूर्वेला २२ मीटरवर खडक १२ वर आहे, घर तिथे न्या. शाफ्टच्या कडेपासून किमान ५ मीटरची अट त्यात आपोआप पाळली जाते.

पाया पाइलवर, ५०० मिमीच्या सहा, खडकात एक मीटर घुसवून. ठोकळ्याचं वजन फिरणाऱ्या यंत्राच्या निदान तिप्पट-चौपट. पंखा ४९० फेऱ्यांचा असेल तर ८.२ हर्ट्झ, पायाची स्वतःची वारंवारता त्यापासून ३० टक्के तरी दूर ठेवा. ठोकळ्याखाली काळ्या मातीला टेकू देऊ नका, १५० मिमी मोकळी जागा सोडा. नाहीतर पावसाळ्यात माती फुगून ठोकळा उचलेल.

फॅन ड्रिफ्ट (पंख्यापर्यंत हवा नेणारा बोगदा) शाफ्टला जिथे मिळतो तिथे कॉलरची गोल रिंग कापली जाते, गोलाची ताकद तिथे संपते. तोंडाभोवती जाड चौकट, सळई कॅप बीममध्ये नेऊन. आणि ड्रिफ्ट-शाफ्टच्या सांध्यात लवचीक पट्टी द्या, दोन्ही वेगवेगळं बसणार आहेत.

उत्तर १०: भुसावळ_व्हेंट

त्या सांध्याला हवेच्या बाजूनेही महत्त्व आहे. हजार पास्कलला एक चौरस मीटर भोकातून सेकंदाला सुमारे २७ घनमीटर हवा आत शिरते. सांध्याला २० मिमी फट, १० मीटर लांबीची, म्हणजे ०.२ चौरस मीटर, साडेपाच घनमीटर. तुमच्या पंख्याची ५ टक्के हवा खाणीत न जाता वरच्या वर फिरली. लवचीक पट्टीवर आतून रबरी झाकण आणि वर्षातून दोनदा धूरनळीने तपासणी, मे महिन्यात एक आणि पावसाळा संपल्यावर एक. काळी माती या दोन वेळी सर्वात जास्त हललेली असते.

उत्तर ११: जामनेर_सिव्हिल

'अ' धरून सुधारित आराखडा मांडतो: ३६ पाइल, खाच, दोन वॉटर रिंग, पंखा पूर्वेला. व्यास ४.५ कायम. 'क' का नाही याचं पान वेगाच्या हिशेबासह जोडलं आहे. एकच शंका: पिझोमीटर किती खोल आणि किती दिवस आधी?

उत्तर १२: भूजल_धुळे

तीन वाळूत, जाळी १४ ते १७ मध्ये, रिंगच्या बाहेर ३ मीटरवर. चौथा कामठीच्या माथ्यावर, ४१ ते ४४ मध्ये, आणि त्याच्या वरचा ट्रॅप-लॅमेटाचा भाग बेंटोनाइटने पक्का बंद, नाहीतर दोन पाणी तुम्हीच जोडाल. पाइल सुरू होण्याआधी किमान दोन आठवडे रोजचं मोजमाप. शेतातले पंप चालू-बंद होतात त्याचा चढउतार आधी ओळखता आला पाहिजे. चाचणीच्या दिवशी शेजारच्या शेतकऱ्यांना विचारून त्यांच्या पंपाची वेळ लिहून घ्या.